रिपोर्टातला खालचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, २०१९ ला रिटायर झाले. ऑपरेशन करून काढलेला भाग बरणीतनं आमच्याकडं यायचा, त्याचे तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घालायचे, मेणाचे ब्लॉक करायचे, मायक्रोटोमवर पातळ काप काढून स्लाइड रंगवायच्या आणि सरांच्या, म्हणजे स्लाइड बघून रिपोर्ट देणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या, हे माझं काम. डॉक्टर मी नाही, उपचार कुठले घ्यावे हे सांगायचा मला अधिकार नाही. पण जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टात एक आकडा असतो, कॅन्सर पसरलाय का ते बघायला जठराभोवतीच्या किती गाठी तपासल्या त्याचा, तो आपल्याकडं कुणी बघत नाही, घरचे तर नाहीच पण कधीकधी डॉक्टरसुद्धा त्यावरनं पटकन पुढं जातात, आणि ते बघितलं नाही तर काय होतं ते मी माझ्याच घरात बघितलं, म्हणून हे पत्र. लांब झालं तरी छापा अशी विनंती.

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला घर, भातशेती, थोडे काजू. सात-आठ महिने दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, पित्त आहे म्हणून मेडिकलातनं गोळ्या आणून खायचा, वजन उतरलं तरी शेतीच्या दगदगीनं म्हणायचा, शेवटी शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा दुर्बिणीतनं तपासणी झाली आणि जठराच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला होते. वैनीचा फोन आला, "ताई, रिपोर्ट आला, गाठीत काय नाही म्हणालेत, सगळं निगेटिव्ह." मला इतकं बरं वाटलं की मी पुढं काही विचारलंच नाही. गावात कुंदा वाटला. टी-टू म्हणजे जठराच्या स्नायूच्या थरापर्यंतच गेलेला, गाठी शून्य, म्हणजे स्टेज वन-बी, केमोची गरज नाही, तीन-तीन महिन्यांनी दाखवायला या, असं सांगून घरी सोडलं.

चौदा महिन्यांनी अण्णाच्या गळ्याला डाव्या बाजूला, हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ आली आणि पोटात पाणी झालं. जठराचा कॅन्सर लांब पसरला की नेमकी तिथं गाठ येते हे फिरशॉ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८४८ मध्येच लिहून ठेवलंय, त्या गाठीला आजपण त्याचंच नाव आहे. आम्ही मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नवीन स्कॅन बाजूला ठेवून आधी जुना रिपोर्ट मागितला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "सहाच बघितल्या होत्या?"

ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. ०/६. ३१ वर्षं मी असल्याच गाठींच्या कॅसेटवर नंबर घातले आणि माझ्या भावाच्या वेळी फोनवर एवढं विचारलं नाही की कितीपैकी शून्य. हे मला आयुष्यभर लागून राहणार आहे.

आता ही गाठींची भानगड काय आहे ते सांगते. पायाला काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. ते अवधाण म्हणजे लिम्फ नोडच, अंगात ठिकठिकाणी असलेल्या चौक्या, त्या भागातनं जे पाणी निथळतं ते त्या चौकीतनं गाळून पुढं जातं. जठराभोवती पण अशा चौक्या आहेत, काही अगदी जठराला चिकटून आणि काही जरा लांब, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी. कॅन्सरच्या पेशी जठरातनं सुटल्या की बहुतेक वेळा पहिल्यांदा इथं अडकतात. म्हणून सर्जन जठराबरोबर ही चरबी आणि गाठी पण काढतात आणि लॅबमध्ये बघायचं असतं की कितीमध्ये कॅन्सर आहे. अंगात दुसरीकडं पसरलेला नसेल तर ऑपरेशननंतर पेशंटचं पुढं काय होईल याचा अंदाज द्यायला जठरात कॅन्सर किती खोल गेलाय ही एक गोष्ट आणि किती गाठीत गेलाय ही दुसरी, या दोनच सगळ्यात भरवशाच्या मानतात.

म्हणून रिपोर्टात आकडे दोन असतात. वरचा म्हणजे किती गाठीत कॅन्सर सापडला. खालचा म्हणजे किती गाठी बघितल्या. आपण सगळे वरचा वाचतो. पण मार्केट यार्डात बटाटा घेणारा माणूस पोत्यातले वरचे सहा बटाटे बघून अख्खं पोतं चांगलं म्हणेल का, तो पोतं पालथं करायला लावतो. ०/६ म्हणजे सहात नाही एवढंच. ०/३० म्हणजे खरंच बऱ्यापैकी धीर धरायला हरकत नाही. दोन्ही रिपोर्टात वर शून्यच आहे आणि दोन्ही पेशंटला एकच वाक्य सांगितलं जातं, गाठी निगेटिव्ह.

सध्या जगभर कॅन्सरची स्टेज ठरवायला जी टीएनएम नावाची पद्धत वापरतात (टी म्हणजे किती खोल, एन म्हणजे गाठी, एम म्हणजे लांब पसरलाय का) तिच्या आठव्या आवृत्तीप्रमाणं एकाही गाठीत नसेल तर एन-झीरो, १ किंवा २ गाठीत असेल तर एन-वन, ३ ते ६ एन-टू, ७ ते १५ एन-थ्री-ए आणि १६ किंवा जास्त असतील तर एन-थ्री-बी. आणि स्टेज नीट ठरायची असेल तर कमीत कमी १६ गाठी तपासाव्यात, ३० किंवा जास्त मिळाल्या तर फारच चांगलं, असं त्यातच सांगितलंय. जरा विचार करा, सहाच गाठी बघितल्या तर सहाच्या सहा खराब निघाल्या तरी माणूस एन-टूच्या पुढं जाऊच शकत नाही, त्याच्या पोटात वीस खराब गाठी असल्या तरी कागदावर तो एन-टूच राहतो. याला स्टेज मायग्रेशन म्हणतात. कमी गाठी बघितल्या की पेशंट कागदावर खऱ्या स्टेजपेक्षा खालच्या स्टेजला बसतो आणि मग उपचार पण त्या खालच्या स्टेजचे मिळतात.

मी कामाला लागले तेव्हा ही मोजणी नव्हती, खराब गाठ मूळ कॅन्सरपासून ३ सेंटिमीटरच्या आत आहे की बाहेर यावर एन ठरायचं, आणि बरणीत सुटी होऊन आलेली चरबी कुठल्या बाजूची हेच कळायचं नाही तर अंतर कसं मोजणार. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत अंतर गेलं आणि संख्या आली, नंतर २००९ मध्ये सातव्या आवृत्तीत गटांचे आकडे बदलले. संख्या आली तेव्हा काम सोपं झालं असं आम्हाला वाटलं होतं पण संख्येला पण खालचा आकडा लागतोच. म्हणून बरेच जण आता दोन्हीचं प्रमाण बघतात, म्हणजे ३/९ आणि ३/३० हे दोन्ही एन-टूच, पण एकात तपासलेल्या गाठींतला तिसरा हिस्सा खराब आणि दुसऱ्यात दहावा हिस्सा, आणि हे प्रमाण जितकं जास्त तितका आजार परत यायचा धोका जास्त असं अनेक देशांतल्या अभ्यासात दिसलंय. अधिकृत स्टेजमध्ये हे प्रमाण अजून घेतलेलं नाही, पण विचारायला काय हरकत आहे.

आता सहाच का सापडतात. लोकांना वाटतं गाठी पोटात सहाच असतील. तसं नसतं. गाठी सापडणं हे दोन माणसांच्या हातावर आहे, एक सर्जन आणि दुसरा लॅबमध्ये बरणी उघडणारा पॅथॉलॉजिस्ट, आणि दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी आधी तेच सांगते.

बरणी येते तेव्हा जठर आणि त्याला लटकलेली पिवळी चरबी असते. फॉर्मलिन, म्हणजे मांस सडू नये म्हणून घालायचं द्रावण, त्या मांसाच्या निदान दहापट पाहिजे, आणि आमच्याकडं छोट्या गावांतल्या नर्सिंग होममधनं घरचेच लोक वायरच्या पिशवीत लोणच्याची बरणी घेऊन एस.टी.नं यायचे, बरणीत जठर कोंबलेलं, फॉर्मलिन तळाला इंचभर. जाताना मऊ होतं म्हणून अरुंद तोंडातनं आत गेलं, आता घट्ट होऊन बाहेर येत नाही. अशा वेळी आतलं सडायला लागलेलं असायचं, त्यात गाठ काय ओळखणार. बरणी चांगली आली तरी गाठ शोधणं म्हणजे चरबी बोटांनी चाचपायची, दोन-तीन मिलिमीटरचे काप करत जायचं आणि पांढुरकी-राखाडी काही दिसलं की उचलायचं. आवळ्याएवढी गाठ कुणालाही सापडते. पण कॅन्सर मसुरीच्या दाण्याएवढ्या गाठीत पण असतो, आणि ती मसूर चरबीत लपलेली असते. नीट शोधायला वेळ जातो, आणि लॅबमध्ये दिवसाला ढीगभर बरण्या असतात. आमचे एक सर होते, आता नाहीत, ते १६ झाल्याशिवाय हातातला चाकू खाली ठेवायचे नाहीत, कमी भरल्या तर चरबी परत फॉर्मलिनमध्ये टाकायला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच तरी जास्त निघायच्याच. कधी कार्नॉय नावाचं द्रावण वापरायचे, त्यात गाठी पांढऱ्या पडून चरबीतनं उठून दिसतात. मोठी गाठ अर्धी कापून दोन कॅसेटमध्ये घातली तर एका अर्ध्याला शाई लावायला सांगायचे, नाहीतर एकीच्या दोन मोजल्या जातात. हे सगळं वेळेचं आणि मनाचं काम आहे, यात महागडं मशिन कुठलंच लागत नाही.

जपानमध्ये ऑपरेशन झाल्यावर सर्जनच ताज्या चरबीतनं गाठी वेगळ्या करतात, त्यांनी जठराभोवतीच्या जागांना नंबर दिलेत, त्या त्या नंबरच्या बाटलीत त्या त्या गाठी घालून लॅबला पाठवतात. आमच्याकडं असं एकदाच एक तरुण सर्जन काही महिने करत होते, त्यांच्या बाटल्या आल्या की लॅबमध्ये सगळ्यांना आनंद व्हायचा. मग ते बदलून गेले.

सर्जनच्या बाजूचं म्हणाल तर जठराला चिकटलेल्या गाठी काढल्या तर डी-वन, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असलेल्या पण काढल्या तर डी-टू. गाठीच कमी काढल्या तर लॅबवाला कुठनं शोधणार. पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे, नाहीतर हे पत्र वाचून कुणीतरी सर्जनला जाऊन जास्त कापा म्हणेल. नेदरलँड्समध्ये १९८९ ते १९९३ मध्ये ७११ पेशंटवर डी-वन आणि डी-टूची तुलना झाली. डी-टू केलेल्यात ऑपरेशनच्याच त्रासानं दगावलेले १० टक्के होते आणि डी-वनमध्ये ४ टक्के, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी डी-टू नको म्हटलं. पण तेच पेशंट १५ वर्षांनी बघितले तर जठराच्या कॅन्सरनंच गेलेले डी-वनमध्ये ४८ टक्के आणि डी-टूमध्ये ३७ टक्के निघाले. तेव्हा डी-टू करताना पाणथरी आणि स्वादुपिंडाचं शेपूट पण बऱ्याचदा काढायचे, त्यानं त्रास जास्त झाला, आता गरज नसेल तर काढत नाहीत. आणि जपान्यांनी त्याच्याही पुढं जाऊन महाधमनीच्या बाजूच्या गाठी पण काढून बघितल्या, ५२३ पेशंट, पाच वर्षांनी जगलेले नुसतं डी-टू केलेल्यात ६९ टक्के आणि या गाठी पण काढलेल्यात ७० टक्के, म्हणजे काहीच फायदा नाही. तेव्हा जास्तीत जास्त काढणं हे काही औषध नाही. जिथं हे ऑपरेशन नेहमी होतं, हात बसलेला आहे, तिथं नीट डी-टू होऊन नीट मोजणी व्हावी, एवढंच मागणं आहे.

मोजणीनं फरक काय पडतो असं विचारतील. अण्णाच्या बाबतीत एक जरी गाठ खराब सापडली असती तर वन-बीची टू-ए झाली असती आणि टू-एला केमो देतात. डी-टू झालेल्या स्टेज दोन-तीनच्या पेशंटवर कोरिया, चीन आणि तैवानमध्ये मोठा अभ्यास झाला, २०१२ मध्ये आला, त्यात ऑपरेशननंतर केमो दिलेल्यात तीन वर्षांनी आजार परत न आलेले ७४ टक्के आणि नुसतं ऑपरेशन केलेल्यात ५९ टक्के. शंभरातली पंधरा माणसं. १६ गाठी बघितल्या असत्या तर अण्णा वाचला असता असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही, कदाचित त्या सोळाही चांगल्याच निघाल्या असत्या. पण सहावरनं केमो नको हे ठरायला नको होतं. सहाच मिळाल्यात, स्टेजचा भरवसा कमी आहे, तरी पुढं काय करूया असं घरच्यांसमोर बसून बोलायला पाहिजे होतं, ते झालं नाही.

अजून एक. आता बऱ्याच पेशंटना ऑपरेशनच्या आधीच केमो देतात, फ्लॉट म्हणतात तिला, चांगले रिझल्ट आहेत, पण तिनं गाठी आकसून जातात आणि बोटाला लागत नाहीत. त्यांच्या बाबतीत लॅबनं जास्तच बसायला पाहिजे.

सीमाभागात हे सगळं अजून अवघड होतं. रिपोर्ट इंग्लिशमध्ये, सही करायचे फॉर्म कन्नडमध्ये, घरात मराठी. खानापूरचा माणूस बेळगावात ऑपरेशन करतो, केमोला कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जातो, कुणी टाटाला मुंबईला, कुणी बेंगळूरला किडवाईला, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद अर्धाच पोचतो, डिस्चार्ज कार्डावर नुसतं "नोड निगेटिव्ह" लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, त्यावर पेपरात रोज बातम्या आल्या. कुठल्या सरकारच्या कार्डावर ऑपरेशन होणार यावर आपण एवढं भांडतो, ते भांडायलाच पाहिजे, पण ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या हातात काय कागद पडतो हे पण कुणीतरी बघायला पाहिजे की. दोन्हीकडच्या योजनांना माझी विनंती आहे, जठराच्या कॅन्सरचं बिल पास करताना पॅथॉलॉजी रिपोर्ट बघताच, तर त्यात गाठींचे दोन्ही आकडे आहेत का तेवढं बघा, आणि १६ पेक्षा कमी असतील तर परत शोधल्या होत्या का हे लिहून मागा.

घरच्यांनी काय करायचं ते पण सांगते. ऑपरेशनच्या आधीच सर्जनला विचारा की तुम्ही डी-टू करणार का आणि बरणी कुठल्या लॅबला जाणार. बरणी तुमच्याच हातात दिली तर रुंद तोंडाची आहे का, फॉर्मलिन वरपर्यंत आहे का बघा आणि त्याच दिवशी पोचवा, भाऊबंद भेटायला येणार आहेत म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकू नका. रिपोर्ट आला की नोड लिहिलेली ओळ शोधा आणि खालचा आकडा बघा. तो १६ च्या खाली असेल तर लगेच, त्याच आठवड्यात, लॅबला जाऊन विचारा की उरलेली चरबी आहे का आणि परत शोधता येईल का. हे लगेच का म्हणते तर उरलेलं मांस लॅब कायमचं ठेवत नाही, आमच्याकडं महिना-दीड महिन्यानं टाकून द्यायचे. अण्णाचं आम्ही चौदा महिन्यांनी विचारायला गेलो, मेणाचे ब्लॉक मिळाले, चरबी कधीच गेली होती. आणि कागद देत नाही म्हणाले तर सांगा, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत पेशंटनं मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं लिहिलंय. भांडायची गरज नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पॅथॉलॉजिस्ट मंडळींना राग येईल असं काही लिहिलं असेल तर माफ करा, तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे ते मी जवळनं बघितलंय. पण कमी गाठी मिळाल्या तर "परत शोधूनही एवढ्याच मिळाल्या" हे एक वाक्य रिपोर्टात घालत जा. अण्णाच्या रिपोर्टात ते असतं तर मिरजेच्या डॉक्टरांना विचारावं लागलं नसतं, आणि नव्हतं म्हणून आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही की त्या बरणीत अजून काही होतं का.

अण्णा गेल्याला आता दोन वर्षं होतील. वैनीनं त्याची फाइल माझ्याकडं दिलीय. सीमाभागातल्या कुणाच्या घरात असा रिपोर्ट आला असेल आणि इंग्लिश वाचायला जमत नसेल तर घेऊन या, उपचाराचं मी काही सांगणार नाही पण दोन आकडे कुठं आहेत, काय म्हणतात आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते मराठीत लिहून देईन. शनिवारी दुपारी मी घरीच असते, पत्ता संपादकांकडं दिलाय.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
शहापूर, बेळगाव